फाटकापुरती आई

मुकुंदवाडी, औरंगाबाद
१६ जून १९८६

ती. सौ. अक्कांस,
धाकट्या जावेचा शि. सा. न., वि. वि.

आज सकाळी कस्तुराला शाळेत पोचवून आलो. पाय धुवायच्या आधी पत्र लिहायला घेतलं आहे, कारण तिकडे वेरूळला तुम्ही वाटेकडे डोळे लावून बसला असाल. आधी मुख्य ते सांगते. तुमची लेक रडली नाही. मी रडले. इतकी, की हे म्हणाले, प्रवेश पोरीचा झालाय का हिचा?

शाळा चिकलठाण्याच्या पुढं, जालना रस्त्यापासून आत आहे. जागा सरकारची, अनुदान सरकारचं आणि चालवणारी एक संस्था. चुन्याचा वास अजून भिंतींना आहे. पाचशे लेकरांनी परीक्षा दिली, साठ घेतली, त्यात आपली अकरावी. फी नाही. दोन वेळचं जेवण, सकाळी दूध, गणवेश, वह्या, सगळं तिकडचंच. पाचवीच्या पोरांना प्रयोगशाळा आहे. आणि अक्का, पाणी! बोअरला एवढं पाणी आहे की मुलींना रोज आंघोळ. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, तोही करंगळीएवढा. मला तर वाटलं आपणही पाचवीत नाव घालावं.

आता नावाचं. तुम्ही आणि दादांनी होकार दिला होता, तरी लिहिताना हात अडखळलाच. शाळा औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या मुलांसाठी आहे. मेंढरं राखणाऱ्याच्या मुलीला तिथं जागा नाही, ती कितीही हुशार असो. म्हणून ठरल्याप्रमाणं फॉर्मवर कस्तुरा खंडेराव न लिहिता कस्तुरा शिवशंकर देवकते असं लिहिलं. आईच्या रकान्यात माझं नाव. ह्यांच्या कारखान्याचा दाखला जोडला. लग्नाला सात वर्षं झाली, नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घ्यायची माझी ही पहिलीच वेळ.

कस्तुराला आम्ही बसमध्ये समजावलं, की तिथं आम्हाला आई-बाबा म्हणायचं. तिनं जरा विचार केला आणि विचारलं, फाटकापुरतंच ना? मी म्हटलं, हो गं, फाटकापुरतंच. मग तिनं फाटकाशी पहारेकऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला आई म्हणून हाक मारली. आत गेल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, काकू, माझ्या आईला सांग, मी रडले नाही.

भेट महिन्याच्या पहिल्या रविवारी, दहा ते बारा. आमच्या दोघांचे फोटो चिकटवून ओळखपत्र दिलं आहे. तुम्ही ६ जुलैला या. काहीतरी सांगून तुम्हाला आत नेऊच.

दादांना नमस्कार. धाकटीवर आहे तशी माया ठेवा.

तुमची
शालू

---

वेरूळ, टेकाडवस्ती
१० जुलै १९८६

चि. सौ. शालूस,
मनकर्णाचे अ. उ. आ.

काहीतरी सांगून नेऊ म्हणालीस आणि मी भाबडी आले. दोष तुझा नाही. त्या पहारेकऱ्याला तू किती विनवलंस ते मी पाहिलं. त्याचं एकच पालुपद, कारडावर दोघांचेच फोटो हायेत, तिसरं माणूस चालायचं नाय. शेवटी तू आत गेलीस, आणि शिवशंकर भावजी, त्यांचा फोटो कार्डावर असून, माझ्यासोबत लिंबाखाली बसून राहिले. दोन तास त्यांनी मला कारखान्यातल्या मशीनची माहिती सांगितली. एक अक्षर कळलं नाही, पण त्या माणसाचं मन फार चांगलं आहे, जप त्याला.

लाह्या आणि शेंगाही आत जाऊ दिल्या नाहीत. बाहेरच्या खाण्यानं मुली आजारी पडतात म्हणे. आमच्या घरी दहा वर्षं तेच खाऊन मोठी झाली ती, तेव्हा नाही पडली. येताना सगळं बसमध्ये वाटून टाकलं.

मी लांबून पाहिली तिला. रांगेतून चालली होती. केस कापले आहेत, मला तू सांगितलं नाहीस. साठ मुलांत केस कापलेली पोर ओळखायला मला क्षणही लागला नाही. शंभर कोकरं एकदम ओरडली तरी मेंढी आपल्याच पिलाला हुंगत जाते, मग मी तर माणूस आहे. तिला मात्र मी दिसले नाही. हाक मारावी असं फार वाटलं. काय म्हणून मारायची, ते सुचेना, म्हणून नाही मारली.

आमच्यात मेंढी अर्धलीनं देतात. ज्याच्याकडे चारा आहे तो सांभाळतो, होतील ती कोकरं निम्मी त्याची, निम्मी आपली. पण मेंढीच्या कानाची खूण कोणी बदलत नाही. ती कोणाच्याही वाड्यात असो, कान पाहिला की मालक कळतो. तुमच्याकडे नाव द्यायला हो म्हणाले, तेव्हा माझ्या डोक्यात हेच होतं. कागदाला कान नसतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

इथले रामकिसन गुरुजी, ज्यांनी तिला चार वर्षं शिकवलं, त्यांना मी शाळेचं कौतुक सांगितलं तर तोंड वाकडं केलं त्यांनी. म्हणाले, पाचशेतून साठ टपोरे दाणे वेचून नेले, मग पीक आमचंच भारी म्हणून मिरवायचं, यात कसली मर्दुमकी? किडके, पोचट, सगळे पेरून दाखवा म्हणावं आमच्यासारखे. मला पटलं. पण मग वाटलं, गुरुजींच्या शाळेला छप्पर नाही आणि वर्षातले चार महिने त्यांना माणसं मोजायला, मतं मोजायला धाडतात. तेही खरंच आहे.

पाऊस नाही. मी पाझर तलावाच्या कामावर जाते आहे. तलावात पाझरायला काय येणार, देव जाणे. तिला दूध मिळतं हे वाचून बरं वाटलं.

पत्राला उशीर केलास तर मी पुन्हा त्या लिंबाखाली येऊन बसेन.

आशीर्वाद देणारी
मनकर्णा

---

मुकुंदवाडी
७ सप्टेंबर १९८६

ती. सौ. अक्कांस,
शालूचा पायांवर डोकं ठेवून न., वि. वि.

केसांचं मी मुद्दामच लिहिलं नव्हतं. तुम्ही रागवाल म्हणून भ्याले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खरं.

आज पहिला रविवार, त्यात पालकांची सभा. मी पदर सावरून पुढच्या ओळीत बसले, आणि मनात एकच, की कोणी मला पोरीच्या जन्माचा वार विचारू नये. सभा मात्र अशी रंगली की बस. एका कारखान्यातल्या कारकुनानं उठून मुख्याध्यापकांना विचारलं, गेल्या वर्षी तुम्ही साठ घेतले, आज त्या वर्गात अठ्ठेचाळीस आहेत, बारा कुठं गेले? मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, त्यांना झेपलं नाही, ते आपापल्या गावी गेले. कारकून म्हणाला, मग बाहेरच्या फळ्यावर निकाल शंभर टक्के कसा लिहिता? मुख्याध्यापकांनी पुढचा प्रश्न मागितला.

मग एक फोरमन उठला. तो म्हणाला, तीस वरसं मशीनवर उभा हाय मी, माझ्या बापानं शाळा पायली नाय, आन् माझी पोरगी हातात काचंची नळी धरून परयोग करती, इथं शिस्त नसंल तर ते व्हईल का? ज्याला झेपत नाय त्यानं खुशाल जावं, रांग लागली हाय बाहेर. अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई मागून हळूच म्हणाली, माझा मुलगा घरी दिवसभर शीळ घालायचा, आता सुट्टीत येतो तर गप्प बसतो. तिच्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी फोरमनलाही वाजवल्या होत्या, त्यामुळं मला आपली लाजच वाटली.

बाक कसे ठरतात ते तुम्हाला सांगितलं पाहिजे. दर शनिवारी परीक्षा, सोमवारी मार्कांप्रमाणं बाक. पहिला तो पहिल्या बाकावर. सलग चार महिने शेवटच्या पाचांत राहिलं, की पेटी उचलायची. आपली अकराव्यावरून सहाव्यावर गेली होती, आता एकोणिसाव्यावर आहे. विचारलं तर म्हणाली, इंग्रजीत अडतं. तिची मैत्रीण आशा शेवटच्या बाकावर आहे, आणि दोघी एकमेकींकडे मान वळवून पाहतात म्हणून दोनदा शिक्षा झाली.

पण हेही खरं, की तिनं मला फुलाच्या आतले भाग अशा काही हौसेनं सांगितले, की बारा कधी वाजले कळलं नाही. निघताना फाटकाशी तिनं मला आई म्हणून जोरात हाक मारली. नाटकच ते. पण अक्का, मी मागं वळून पाहिलं.

तिनं लिहिलेलं पत्र सोबत आहे. पत्रं तिथल्या बाई वाचून मगच देतात. वाचून वाईट वाटून घेऊ नका, तिचा इलाज नाही.

लोभ आटू देऊ नका, पाणी आटलं तेवढं पुरे.

शालू

(सोबतचे)

ती. सौ. मोठ्या आईस सा. न.
मी मजेत आहे. अभ्यास चांगला चालला आहे. रोज दूध पिते. मोठ्या बाबांची मेंढरं कशी आहेत? लंगड्या कोकराचा पाय बरा झाला का? मला तुमची आठवण येते. दिवाळीत आई-बाबांना विचारून तुमच्याकडे येईन.
आपली पुतणी,
कस्तुरा

---

वेरूळ
१५ सप्टेंबर १९८६

चि. सौ. शालूस आ.

पत्र मिळालं. दोन्ही मिळाली.

आई-बाबांना विचारून येईन म्हणते. तर मग तिच्या आई-बाबांना माझा निरोप दे, की दिवाळीत तिला पाठवा, मोठी आई वाट बघते आहे.

शाळेचं मला काही सांगू नकोस. शाळेत काय चांगलं, काय वाईट, ते तुमच्या सभेनं ठरवावं. दहा वर्षांच्या पोरीला आपल्या आईला पुतणी म्हणून सही करायला लागते, ती शाळा सोन्याची असली तरी मला नको. ह्यांना मी तसं म्हटलं. हे म्हणाले, अगं, पत्रात कोकराचा पाय विचारलाय तिनं, त्यावरून कळत नाही का तुला? मी म्हटलं, कोकराला कोकरू म्हणायची मुभा आहे तिला.

जास्त लिहीत नाही, वाकडं लिहिलं जाईल.

मनकर्णा

---

वेरूळ
१८ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. शालूस,
पोटभर आ., वि. वि.

मागच्या पत्रात तुला टोचून बोलले. तू उलट एक शब्द लिहिला नाहीस, दिवाळीत पोरीला नव्या परकर-पोलक्यात स्वतः आणून सोडलीस आणि चहाही न घेता परतीच्या बसला गेलीस. मला लाज वाटली. उचलली जीभ, लावली टाळ्याला, हा माझा जुना रोग आहे. सासूबाई असत्या तर त्यांनी मला चांगलं फैलावर घेतलं असतं.

बारा दिवस राहिली. पहिले दोन दिवस चुलीपाशी येऊन नुसती बसायची. रात्री माझ्या कुशीत झोपली आणि झोपेत इंग्रजी बडबडली. पहाटे न उठवता उठून अंथरूण घडी करायची आणि हात जोडून उभी राहायची, आपल्या वस्तीवर, कोणी नसताना. मला ते बघवत नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, आता ही परत जायची नाही. त्यांना मेंढरं घेऊन पैठणकडे निघायचं होतं. तिकडे कालव्यामुळं थोडं हिरवं आहे, आणि शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात, खत मिळतं म्हणून.

मग भाऊबीजेनंतर मी तिला घेऊन देवळात गेले. घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन लेण्यांच्या बाजूनं येत होतो. माझ्या डोक्यावर जळणाचा भारा होता. एक गोरी बाई आली आणि माझ्या तोंडासमोर कॅमेरा धरून खटाखट फोटो काढायला लागली. आता हे काही नवं नाही. आम्ही इथं लहानपणापासून उभ्या राहतो, हसा म्हणाले की हसतो. कस्तुरा पुढं झाली. माझ्या आणि त्या बाईच्या मधे उभी राहिली आणि इंग्रजीत काहीतरी बोलली, सावकाश, एकेक शब्द. मला काही कळलं नाही. पण त्या बाईनं कॅमेरा खाली घेतला. तिचं तोंड लाल झालं. मग ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलली, आणि कस्तुरानं सांगितलं, आई, ती विचारते, तुमचा फोटो काढला तर चालेल का?

शालू, चाळीस वर्षांत मला कोणी हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, चालायचं नाय. आणि भारा घेऊन पुढं निघाले. माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

घरी येऊन विचारलं, कोणी शिकवलं तुला असं बोलायला? म्हणाली, शाळेत. एकोणिसाव्या बाकावरसुद्धा शिकवतात, आई.

तर मी माझे शब्द गिळते. ती परत गेली. एस. टी.त बसताना तिनं मला सगळ्यांदेखत आई म्हणून हाक मारली, आणि मग एकदम इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकलं का म्हणून. ते मात्र माझ्या जिवाला लागून राहिलं आहे. तिला जेवढी शिकवायची तेवढी शिकवू दे त्यांना. मी लिंबाखाली बसायला तयार आहे.

तुझी
अक्का

---

मुकुंदवाडी
१२ जानेवारी १९८७

ती. सौ. अक्कांस,
शालूचा शि. सा. न., वि. वि.

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे. नीट सगळं सांगते, मग तुम्ही ठरवा.

पहिलं, आशाला घालवली. भामाबाई म्हणून तिथं पोळ्या करणाऱ्या बाई आहेत, त्यांनी मला सांगितलं. एका शनिवारी तिचे वडील आले, पेटी घेतली, पोर मागं मागं चालत गेली. तेव्हा वर्गात परीक्षा सुरू होती. कस्तुरानं खिडकीतून बघितलं म्हणून तिचे दोन मार्क कापले. आता आपली बाराव्या बाकावर आहे, पण नखं कुरतडून बोटं लाल केली आहेत. रविवारी माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, काकू, मी शेवटच्या पाचात गेले, तर घरीपण नंबर असतो का? तिथूनपण काढतात का? मी तिला छातीशी धरली.

दुसरं, शाळेनं सगळ्यांचे जन्मदाखले मागितले आहेत, मार्चअखेर. अनुदानासाठी तपासणी होणार आहे. आपल्याकडे दाखला आहे तो वेरूळचा, त्यावर खंडेराव आणि मनकर्णा. तो दिला की खोटं उघडं पडणार आणि पोरीचं नाव कमी होणार. ह्यांनी एका ओळखीच्या वकिलाला विचारलं. ते म्हणाले, एकच सरळ रस्ता आहे. रीतसर दत्तक द्या. आम्हाला मूल नाही, घरातलीच पोर, कोणी हरकत घेणार नाही. कागद नोंदवला की नाव खरंच शिवशंकर होईल, आणि खोटं खोटं राहणारच नाही.

हे घरी आले ते आनंदानं. माझ्याकडे बघून हसले. मी चुलीकडे तोंड फिरवलं.

अक्का, तुमच्यापासून काय लपवू? सात वर्षं मी नवस केले. ती फाटकाशी मला खोटी हाक मारते, त्या एका हाकेवर मी महिना काढते. वकिलाचं ऐकून माझ्या मनात आधी उजेडच पडला. आणि म्हणूनच मी तुम्हाला सांगते, सही करू नका. मला ती अशी मिळायला नको. ज्या शाळेसाठी तुमचं नाव पुसायचं, ती शाळा पोरांना बाकावर तोलते आणि हलकी निघाली की टाकून देते. सुरुवातीला मीच भुलले होते त्या दुधाला आणि बोअरच्या पाण्याला. तिला घेऊन जा. गुरुजींकडे घाला. ती कुठंही शिकेल.

तुमच्या वतीनं मी तिला विचारलंही, घरी जायचं का? ती रडली. आणि म्हणाली, आशा गेली म्हणून मी कशाला जाऊ? मला राहायचं आहे, मला दहावीपर्यंत राहायचं आहे. आता लेकराचं काय ऐकायचं आणि काय नाही, ते तुम्हीच सांगा.

संक्रांतीचा तिळगूळ पुडीत बांधला आहे. तुम्ही गोड बोलाच असं नाही, पण बोला.

शालू

---

वेरूळ
९ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. शालूस,
थोरलीचे आ., वि. वि.

पत्र वाचून मी पैठणला गेले. ह्यांचा मुक्काम कुठं ते कळायला दोन दिवस लागले. एका उसाच्या रानात मेंढरं बसवली होती. तिथं बांधावर बसून आम्ही नवरा-बायको जन्मात पहिल्यांदा एवढं भांडलो.

गंमत अशी, की मी निघाले तेव्हा सही करायची नाही असं ठरवून निघाले होते, आणि हे म्हणणार करू या, असं मला वाटत होतं. झालं उलटच. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. नखांचं आलं तसे हे उठले. म्हणाले, आणा पोरीला घरी, आपल्याला नाय पायजे असली हुशारी, पोरगी हाय का परीक्षेचा गठ्ठा? आणि ह्यांनी तसं म्हटल्याबरोबर माझ्या तोंडून निघालं, नाही, राहू द्या. मीच चमकले. पण बोलले ते खरं होतं.

मी ह्यांना म्हटलं, तुम्ही मेंढरामागं हिंडता, मी खडी फोडते, अक्षरं शिकले ती रात्रीच्या प्रौढवर्गात, आपल्याला कधी कोणी शेवटच्या बाकावरसुद्धा बसवलं नाही. ती शाळा वाईट आहे. बारा पोरं पुसून शंभर टक्के लिहिते, म्हणजे वाईटच. आशाच्या आईला आज काय वाटत असेल ते मला कळतं. पण चांगली शाळा आपल्या दारात असती आणि ही वाईट निवडली असती, तर गोष्ट वेगळी. आपल्या दारात गुरुजी आहेत, ते एकटे आहेत आणि त्यांच्या डोक्यावर पत्रा नाही. आणि पोर म्हणते, मला राहायचं आहे. दिवाळीत त्या गोऱ्या बाईसमोर ती माझ्यापुढं उभी राहिली तेव्हा मी तिला अडवलं नाही, मग आता कोणत्या तोंडानं अडवू?

हे बांधावरचं ढेकूळ काठीनं फोडत राहिले. मग म्हणाले, नाव माझं बी जाणार हाय, तुझं एकटीचं नाय. तेवढंच बोलले. मला ह्यांचा एवढा कळवळा कधी आला नव्हता.

आता तुझं. तू सही करू नका लिहिलंस, म्हणून मी करते आहे. तू गोड बोलून मागितली असतीस तर मी दिली नसती. तुला ती हवी आहे, हे मला जूनपासून माहीत आहे, तू मागं वळून पाहिल्याचं लिहिलंस तेव्हा तर पक्कंच कळलं. हवी असण्यात पाप नाही. मलाही हवी आहे. दोघींना हवी असलेली पोर उपाशी मरत नाही, एवढं तरी खरं.

एकच सांगते. तिच्या नखांना एरंडेल लाव, कडू लागलं की सोडेल. आणि नंबर विचारू नकोस. रविवारी भेटलीस की आधी जेवलीस का विचार.

तारीख कळव. आम्ही दोघं येतो.

मनकर्णा

---

मुकुंदवाडी
५ एप्रिल १९८७

ती. सौ. अक्कांस,
शालूचा शि. सा. न., वि. वि.

रजिस्ट्री कचेरीतून तुम्ही परस्पर बसस्टँडला गेलात, घरी आला नाहीत. मी आग्रह केला नाही. त्या दिवशी कोणालाच जेवण गेलं नसतं.

वकिलांनी सांगितलं होतं, की नुसत्या सहीनं भागत नाही, आईनं पोर प्रत्यक्ष उचलून द्यावी लागते आणि दुसरीनं घ्यावी लागते. मला वाटलं होतं, तिच्या डोक्यावर हात ठेवतील, झालं. तुम्ही तिला खरोखर मांडीवर घेतलंत, तिचे लांब पाय खाली लोंबत होते, आणि मग माझ्या मांडीवर ठेवलंत. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. दादा खिडकीतून बाहेर बघत होते. मी तुमचं ऊन ऊन लेकरू मांडीवर घेऊन बसले आणि मला वाटलं, मी चोर आहे. साक्षीदार म्हणाला, पेढे कुठं आहेत?

परत शाळेत सोडायला जाताना तिनं ह्यांना दोनदा विचारलं, कागद पक्का झाला का? आता कोणी काढणार नाही ना? ह्यांनी सांगितलं, पक्का, सरकारी शिक्का आहे, आता कोणी काही विचारू शकत नाही. मग ती सीटवर टेकून झोपून गेली.

आता आजचं सांगते, त्यासाठीच पत्र लिहायला बसले. आज पहिला रविवार. अक्का, मी पहाटेपासून तयार होते. नवी साडी नेसले. हे चिडवत होते, मुलीला भेटायला चालली आहेस का मुलगी बघायला? मनात एकच, की आजवर ती मला खोटं हाकारत होती, आज पहिल्यांदा खरं असणार. फाटकाशी तोच पहारेकरी. मुली रांगेनं आल्या. तिनं मला पाहिलं, हसत धावत आली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, काकू!

पहारेकऱ्यानं मान वर केली. मी हळूच म्हटलं, अगं, आई म्हण. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की मलाच काही समजत नाही. म्हणाली, आता कशाला? कागद पक्का झाला ना? आता म्हणायला लागत नाही. आणि पहारेकऱ्याकडे वळून तिनं आपणहून सांगितलं, या माझ्या काकू आहेत, माझी आई वेरूळला असते. त्याला काय, त्यानं कार्ड पाहिलं, फोटो पाहिला, आणि आत सोडलं.

तिचं चुकलं नाही. ती सहज बोलली, जसं परीक्षा झाल्यावर पुस्तक मिटावं तसं. दोन तास ती नुसती बोलत होती. बाक आठवा. नखं वाढली आहेत, एरंडेलाचा गुण आला. जेवलीस का विचारलं, तर वांग्याची भाजी आवडत नाही म्हणाली. सुट्टी २५ तारखेला लागते, त्याच संध्याकाळी तिला तुमच्याकडे आणून सोडते. सबंध दोन महिने ठेवा, मी मधे न्यायला येणार नाही.

मला वाईट वाटलं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? बसमध्ये ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, नव्या साडीचा पदर भिजवला. पण घरी आल्यावर पहिलं हेच सुचलं, की ही बातमी तुम्हाला आजच कळायला हवी, उद्यावर टाकायची नाही. सही करताना तुम्ही दोनदा पेन खाली ठेवलंत ना, तर ऐका. नाव तेवढं इकडे आलं आहे.

पुढच्या महिन्यात सुट्टी आहे, पण जूनपासून दर पहिल्या रविवारी मी जाईनच. काकू म्हणाली, तरी ओ द्यायला तिथं कोणीतरी हवं ना.

माया करा, रागवा, पण पत्र पाठवत जा.

तुमचीच
शालू